किशोरवयातील पैसा आणि मोठ्यांचा शब्द

दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश पार पडले, की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या तालुक्यांतल्या गावांमधून कितीतरी मुलेमुली रोज एसटीने सांगलीला ये-जा करू लागतात आणि काही जण विश्रामबागेच्या आसपास खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहू लागतात. तोवर वह्यापुस्तकांपासून खाऊपर्यंतचा सगळा खर्च घरातून झालेला असतो. आता एसटीचा पास, झेरॉक्स, मेसचा डबा, मोबाईलचा रिचार्ज आणि मित्रांबरोबरचा वडापाव हे सारे एकदम स्वतःच्या हातात येते. बहुतेक घरांत यासाठीचे पैसे ‘लागतील तसे’ दिले जातात. पैसे संपले की मूल घरी फोन करते, थोडी बोलणी खाते आणि मग वडील मोबाईलवरून रक्कम पाठवतात. यातून पैसे कसे मागावेत एवढे मुलाला चांगले कळते. ते कसे पुरवावेत, हे मात्र तसेच राहून जाते, कारण पैसे पुरवायचे कसे हा प्रश्न त्याच्यासमोर कधी उभाच राहत नाही.

याचा दोष मुलांच्या वळणाला देण्याची आपल्याकडे रीत आहे. पण त्या वयातला मेंदू कसा घडत असतो हे पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. एखादी हवीशी गोष्ट समोर आली की मेंदूच्या आतल्या भागातले, डोपामीन या मेंदूतल्या रसायनावर चालणारे केंद्र उत्तेजित होते, आणि वयात येण्याच्या सुमारास हे केंद्र फार संवेदनशील झालेले असते. उलट, पुढचा विचार करणारा, मोह आवरणारा आणि दोन पर्याय तोलून पाहणारा कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, सावकाश पक्व होतो आणि त्याची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला बचतीचे महत्त्व समजते, तो त्यावर उत्तम निबंधही लिहितो, आणि त्याच संध्याकाळी आठवड्याचे पैसे एका बैठकीत संपवतो.

मित्र सोबत असले की हा ओढा आणखी वाढतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. एकटे असताना किशोरवयीन मुले आणि प्रौढ जवळपास सारखाच धोका पत्करत होते. समवयस्क शेजारी बसताच मुलांचे धोका पत्करणे स्पष्ट वाढले, प्रौढांच्या वागण्यात मात्र तसा फरक पडला नाही. कॉलेजच्या बाहेरच्या गाड्यावर ‘आज माझ्याकडून’ असे म्हणणाऱ्या मुलाची अवस्था याहून फार वेगळी नसते. खर्चाचा निर्णय घरी, एकट्याने आणि आधीच झालेला असला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

मोबाईलवरून पैसे देण्याच्या सोयीमुळे आणखी एक अडसर दूर झाला आहे. खिशातून नोट काढून देताना मनाला जी बारीकशी टोचणी लागते, ती खर्चावर नकळत लगाम ठेवते. ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी अमेरिकेत केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांनी रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली. तो प्रयोग क्रेडिट कार्डाचा होता आणि यूपीआयमध्ये पैसे खात्यातून लगेच जातात, हा फरक खरा आहे. तरीही नोट हातावेगळी होताना दिसत नाही आणि पाकीट हलके होत नाही, ही बाब दोन्हीकडे सारखीच आहे. सुरुवातीचे काही महिने आठवड्याच्या किरकोळ खर्चाची रक्कम रोख द्यावी, हा जुन्या वळणाचा वाटणारा सल्ला मला म्हणूनच पटतो.

आता संयमाकडे येऊ, कारण बचत म्हणजे शेवटी थांबणे. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड येथे १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले मार्शमॅलोचे प्रयोग अनेकांनी ऐकलेले असतात: लहान मुलापुढे एक गोड वडी ठेवायची आणि ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ असे सांगून बाहेर जायचे. जी मुले थांबली ती पुढे शिक्षणात सरस ठरली, या निष्कर्षाचा बराच गाजावाजा झाला. पुढे २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात हा संबंध पुष्कळ क्षीण आढळला, आणि घरची परिस्थिती व मुलाची सुरुवातीची आकलनक्षमता जमेस धरल्यावर तर त्यातले फारच थोडे उरले.

माझ्या मते त्याहून मोलाचा प्रयोग सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २८ लहान मुलांचे दोन सारखे गट केले. मुलांना चित्रे रंगवायला जुने, झिजलेले खडू दिले आणि ‘थोडे थांबलात तर नवे, चांगले खडू आणून देते’ असे सांगितले. एका गटातल्या मुलांना थोड्या वेळाने खरोखर नवे खडू मिळाले. दुसऱ्या गटातल्या मुलांना ‘माझी चूक झाली, खडू शिल्लकच नाहीत’ असे सांगण्यात आले. चिकटचित्रांच्या बाबतीतही हेच पुन्हा घडवले. त्यानंतर गोड वडीची परीक्षा झाली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. ज्यांना शब्द देऊन फसवले होते ती सुमारे ३ मिनिटांतच वडी खाऊन मोकळी झाली. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटात १४ पैकी ९ होती आणि दुसऱ्या गटात अवघे एक. दुसऱ्या गटातली मुले उतावळी होती असे कोण म्हणेल? समोरच्या माणसाचा भरवसा नसेल तर हाती आहे ते खाऊन घेणे, हाच शहाणपणाचा हिशेब असतो.

ही मुले तीन ते पाच वर्षांची होती आणि प्रयोगातला गट लहान होता, म्हणून त्याचे निष्कर्ष सोळा वर्षांच्या मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण आपल्याकडची घरे डोळ्यांसमोर आणली की त्यातला अर्थ जाणवल्याशिवाय राहत नाही. पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेली नोट ‘आईकडे दे, जपून ठेवते’ म्हणून घेतली जाते आणि ती पुन्हा दिसत नाही. सायकलसाठी साठवलेला गल्ला लागवडीच्या वेळी मजुरी द्यायची म्हणून फोडला जातो. ‘दहावीला नव्वद टक्के मिळव, मोबाईल घेऊन देतो’ हा शब्द, द्राक्षांवर अवकाळी पावसाचे पाणी फिरले की हवेत विरतो. यातली अडचण खरी असते आणि कोणाचीही नियत वाईट नसते. परंतु मुलाच्या मनात एवढेच नोंदले जाते, की शिल्लक ठेवलेला पैसा आपला राहत नाही, तेव्हा आलेला पैसा त्याच दिवशी संपवलेला बरा. अशा घरात बचतीवर कितीही उपदेश केला, तरी अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देत असतो.

यावर उपाय साधा आहे, पण तो मोठ्यांनी करायचा आहे. मुलाचे पैसे घ्यायची वेळ आलीच, तर ते विचारून, उसने म्हणून घ्यावेत आणि वहीत तारीख, रक्कम व परत करण्याचा दिवस लिहून खाली सही करावी. ‘१२ जानेवारी, सायकलच्या पैशांतून १,५०० रुपये उसने, बेदाण्याची पट्टी आल्यावर परत’ अशी वडिलांच्या हातची एक ओळ आणि ठरल्या वेळी तिच्यावर मारलेली काट, एवढ्याने जे शिकवले जाते ते कोणत्याही व्याख्यानाने साधणार नाही. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, लांबली तर नवी तारीख सांगावी. गप्प राहू नये.

व्याख्यानांविषयी हे मी नुसत्या मताने म्हणत नाही. डॅनियल फर्नांडिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली आधीच्या २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लोकांच्या प्रत्यक्ष वागण्यात जो फरक आढळतो, त्यातल्या केवळ ०.१ टक्का भागाचा उलगडा आर्थिक साक्षरतेच्या शिकवणीने होतो आणि शिकलेले काळाबरोबर विरत जाते असे दिसले. पुढे २०२२ साली टिम कायझर आणि सहकाऱ्यांनी ७६ प्रयोगांवर आधारित आढावा घेतला आणि त्यात परिणाम बराच आशादायक निघाला, त्यामुळे असे शिक्षण निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण निर्णयाची वेळ आणि शिकण्याची वेळ जितकी जवळ, तितके शिकणे कामाचे, ही फर्नांडिस यांची सूचना पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चक्रवाढ व्याज आठवीत शिकवून झालेले असते. ते समजते मात्र पासबुकावर व्याजाची नोंद पडते त्या दिवशी.

वर्गातले गणित आणि व्यवहारातले गणित यांच्यात किती अंतर पडते, हेही पुरेसे तपासले गेले आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळे विकणाऱ्या पाच मुलांनी गाडीपाशी विचारलेले ९८ टक्के हिशेब तोंडी बरोबर केले, आणि तीच गणिते कागदावर मांडून दिल्यावर ३७ टक्केच बरोबर आली. हा अभ्यास १९८५ सालचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत केलेला आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास तेच सांगतो, आणि शाळेत जाणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळतात हेही दाखवतो. आपल्याकडे याचे जिवंत उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे आहे. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी माणदेशातल्या महिलांना घेऊन बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा सभासद निरक्षर असल्याच्या कारणाने तो नाकारला गेला. त्यावर त्या महिलांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनाच, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमचे लोक कॅलक्युलेटरशिवाय काढतात का पाहू, असे आव्हान दिले. पुढे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

म्हणून मुलाच्या हाती खरी रक्कम द्यावी, ती ठरलेल्या दिवशी द्यावी आणि त्यातून कोणते खर्च त्याने भागवायचे हे आधी ठरवावे. सुरुवात आठवड्याने करावी, कारण पंधरा वर्षांच्या मुलाला महिनाअखेर फार दूरची वाटते. ते जमू लागल्यावर पंधरवडा आणि मग महिना. पास आणि मेसचे पैसे हाती येताच बाजूला काढायचे, मग बचतीचे, आणि उरेल ते मनासारखे वापरायचे, हा क्रम बदलू देऊ नये. गुरुवारीच पैसे संपले तर शुक्रवार-शनिवार घरचा डबा आहेच, उपाशी राहण्याची वेळ येत नाही. अशा वेळी पुढच्या आठवड्याची रक्कम आधी पाठवण्याचा मोह आईवडिलांनी आवरायला हवा. शंभर-दोनशे रुपयांची ही चूक आज घरातच निभावते.

आपल्या भागातल्या मुलांना याहून एक अवघड गोष्ट शिकावी लागते, आणि पगारदारांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत ती सापडत नाही. ऊस, हळद, द्राक्षे, बेदाणा यांवर चालणाऱ्या घरात पैसा दरमहा येत नाही. ऊसबिल गाळपाच्या हंगामात येते, हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे आपापल्या वेळी होतात, आणि खर्च मात्र बारा महिने चालू राहतो. शाळा-कॉलेजची फी तर नेमकी जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर येते. ज्या दिवशी पट्टी घरात येते त्या रात्री सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून सोसायटीचे कर्ज, औषधांची उधारी, फी आणि घरखर्चासाठी महिन्याकाठी काढायची रक्कम कागदावर मांडून दाखवावी. घरची आर्थिक स्थिती मुलांपासून लपवण्यात प्रेम असते, हे मला मान्य आहे. तरीही मोठी रक्कम बारा वाट्यांत कशी विभागतात हे पाहण्याची दुसरी जागा त्यांना कुठे मिळणार?

साठवलेले पैसे गल्ल्यातून खात्यात नेण्याची सोय आता सुलभ झाली आहे. दहा वर्षांवरील मूल पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडू शकते, आणि रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार बँकाही आपापली मर्यादा ठरवून अशा मुलांना खाते स्वतः चालवू देऊ शकतात. दुकानोदुकानी फिरून पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा प्रतिनिधी आपल्या भागात सर्वांच्या ओळखीचा असतो, आणि रोज थोडे बाजूला काढण्याची सवय लागण्यासाठी ती पद्धत उत्तम आहे. पण बँकेतल्या ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवींना नसते, हे मुलाला सांगूनच तिथे पैसे ठेवावेत. आपले खाते किंवा एटीएम कार्ड ‘दोन दिवसांसाठी’ कोणाला वापरू देणे हा फसवणुकीच्या पैशांना वाट करून देण्याचा प्रकार असतो आणि चौकशी खातेदाराचीच होते, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावे.

पोस्टाच्या आवर्ती ठेवीचा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये वार्षिक ६.७ टक्के झाला. त्या दराने महिन्याला १०० रुपये पाच वर्षे भरले, तर भरलेल्या ६,००० रुपयांचे सुमारे ७,१३७ रुपये होतात. हा आकडा पाहून मुले बहुधा हिरमुसतात, आणि ते स्वाभाविक आहे. त्यांना त्याच कागदावर उलटा, म्हणजे कर्जाचा, हिशेबही करायला लावावा. अठरा वर्षे पूर्ण होताच बँक नव्याने सही आणि ओळखपत्रे घेते, पालकाचा खात्यावरचा अधिकार संपतो, आणि पुढे पहिल्या पगाराबरोबर क्रेडिट कार्ड घेण्याचा आग्रह सुरू होतो. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागत असेल आणि १,००० रुपये वर्षभर तसेच राहिले, तर दंड आणि कर धरले नाहीत तरी देणे सुमारे १,५११ रुपयांवर जाते, म्हणजे वर्षाला ५१ टक्के. हे बारा महिन्यांचे बारा गुणाकार मुलाने स्वतःच्या हाताने, एकाखाली एक लिहून करावेत.