गुणोत्तरावरून कोन: ज्येपासून चापाकडे

काटकोन त्रिकोणात एका कोनाची संमुख बाजू ३ आणि कर्ण ५ असेल, तर तो कोन किती अंशांचा? कोनावरून गुणोत्तर काढण्याच्या नेमका उलटा असा हा प्रश्न त्रिकोणमितीइतकाच जुना आहे, कारण खगोलगणितात ग्रहाचे स्थान शेवटी कोनातच सांगावे लागे.

दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने अर्ध्या अर्ध्या अंशाच्या अंतराने पूर्ण जीवांचे कोष्टक दिले. भारतीय गणितींनी पूर्ण जीवेऐवजी तिचा अर्धा भाग, म्हणजे ‘ज्या’, घेतला आणि त्यामुळे त्रिज्या हा कर्ण व ज्या ही संमुख बाजू असलेला काटकोन त्रिकोणच गणनेचा पाया झाला. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास पाव वर्तुळाचे २२५ कलांचे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) २४ भाग करून लागोपाठच्या ज्यांमधील फरक एकाच श्लोकात बसवले. त्यांची बेरीज ३४३८, म्हणजे कलांत मोजलेली त्रिज्या होते. त्या कोष्टकावर वरचे उदाहरण सोडवून पाहण्यासारखे आहे. ३४३८ चे तीन पंचमांश म्हणजे सुमारे २०६३. ही संख्या नवव्या ज्येच्या (१९१०) आणि दहाव्या ज्येच्या (२०९३) मध्ये पडते, म्हणून त्रैराशिकाने २०२५ कलांत सुमारे १८८ कला मिळवाव्या लागतात. उत्तर येते २२१३ कला, अर्थात ३६ अंश ५३ कला, आणि आजच्या अचूक उत्तराशी त्याचा फरक जेमतेम एका कलेचा आहे!

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त कोष्टकाविनाही जीवेवरून चाप, म्हणजे कोनासमोरचा वर्तुळाचा कंस, काढण्याची रीत दिली, ती स्थूल असली तरी वर्गमूळ काढता येणाऱ्या कोणालाही जमेल अशी आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे, हे मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे.

खरी झेप मात्र केरळात घेतली गेली. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील संगमग्रामच्या माधवाने ज्या आणि कोटिज्या (त्याच त्रिकोणातील कोनालगतची बाजू) यांच्या गुणोत्तरावरून थेट चाप देणारी अनंत श्रेणी शोधली, जिची उपपत्ती ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात आहे. युरोपात जेम्स ग्रेगरीला तीच श्रेणी १६७१ मध्ये सापडली. ज्या आणि कोटिज्या यांपैकी लहान राशीला मोठीने भागावे, एरवी पदांना अंत राहणार नाही, असा इशाराही केरळच्या या परंपरेने दिला आहे. आपल्या त्रिकोणात ते गुणोत्तर तीन चतुर्थांश आहे. त्यातून त्याच्या घनाचा तिसरा भाग वजा करावा, पाचव्या घाताचा पाचवा भाग मिळवावा आणि हवी तितकी अचूकता येईपर्यंत असेच पुढे जावे.