गाडी पाणी ‘पीत’ नाही

‘जुनी स्पोर्ट्‌स कार ना? मग पाणी पिणारच. त्यात आपला उकाडा!’ रत्नागिरीपासून मालवणपर्यंत हे ऐकून कान किटले. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाण्यासारखं द्रव, उकाड्याने आटत नाही. यंत्रणा बंदिस्त असते, दाबाखाली चालते. कूलंट भरायचं झाकण साधारण 1 बार दाब धरतं, म्हणून साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही. पातळी वारंवार उतरतेय म्हणजे कूलंट कुठून तरी जातंय. (नुकतंच बदललं असेल तर अडकलेली हवा निघताना एकदोनदा उतरते, तेवढं सोडा.)

इंजिन गार असताना प्रेशर टेस्टर (यंत्रणेत दाब भरणारा हातपंप) लावा आणि दाबाची सुई खाली येते का बघा. वॉटर पंपाखालचं छोटं भोक, होजची टोकं, झाकणाचं रबर तपासा. टोयोटा एमआर2 सारख्या मधल्या इंजिनाच्या गाडीत रेडिएटर पुढे असतो, नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. खारा वारा आणि पावसाळी चिखल त्यांना खातो. तिथे आधी वाका. बाहेर थेंबही नाही? पायाशी गोडसर वास, ओला गालिचा असेल तर हीटर कोअर (गाडीच्या आतल्या हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय. ब्लॉक टेस्ट करून घ्या, इंजिनातला वायू कूलंटमध्ये शिरतोय का ते कळेल. आणि विहिरीचं पाणी ओतणं थांबवा, अ‍ॅल्युमिनियमचं हेड गंजतं.