‘स्पर्धा नाही, म्हणजे धंदा चालणारच’ हे खरं नाही
“आपल्या भागात असं एकही दुकान नाही, धंदा चालणारच!” हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. पण पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत, कारण गिऱ्हाईक तिथेच येतं. दुकान नसतं, तिथे बरेचदा गिऱ्हाईकच नसतं.

समजा, कोथरूडमध्ये डबे सुरू करायचेत. डबा ८० रुपयांना, साहित्य आणि पोहोचवणं धरून खर्च ५५. उरले २५. भाडं-पगार महिना ३०,००० असेल, तर रोज ४० डबे गेले तरच खर्च निघतो, नफा त्यापुढे. नातेवाइकांचं “छान आहे हं” यात धरू नका, ते प्रेमापोटी बोलतात. दहा अनोळखी लोकांकडे आठवड्याचे पैसे आगाऊ मागा. किती जण खिशात हात घालतात ते बघा, मगच गाळ्याचं डिपॉझिट भरा.