सहा व्होल्टचं बटण अजून का आहे?

मोटरसायकलच्या बॅटरीसाठी चार्जर घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो खोक्यावरच्या मजकुरापाशी. ६/१२ व्होल्ट, १ ॲम्पिअर, एजीएम, जेल, लिथियम, ट्रिकल, मेंटेनर. हे सगळं कुणी एकदाच बसून ठरवलेलं नाही. शंभराहून अधिक वर्षांत गाडीतली बॅटरी बदलत गेली, चार्जर दर वेळी जरा उशिराच तिच्या मागून आला, आणि प्रत्येक टप्प्यावरचा एखादा शब्द खोक्यावर चिकटून राहिला.

बॅटरी मोटरसायकलपेक्षा जुनी. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि तिची क्षमता कितीतरी वाढली. पुढे मॅग्नेटो, म्हणजे फिरत्या चुंबकातून ठिणगीपुरती वीज काढणारी यंत्रं, आले आणि मोटरसायकलींना या बॅटरीची फारशी गरजच उरली नाही. ठिणगी मॅग्नेटो द्यायचा, उजेड कार्बाइडचा दिवा द्यायचा, आणि इंजिन सुरू व्हायचं ते पायाच्या जोरावर. १९१४ मध्ये अमेरिकेच्या इंडियन कंपनीने 'हेंडी स्पेशल' ही विजेवर सुरू होणारी मोटरसायकल आणली. कल्पना काळाच्या पुढची होती, पण बॅटऱ्या त्या कामाला पुरेनात. सारख्या उतरायच्या. ते मॉडेल फार काळ टिकलं नाही.

त्या काळचा चार्जर म्हणजे आजच्यासारखी छोटी डबी नव्हती. जिथे डीसी, म्हणजे बॅटरीला लागते तशी एकाच दिशेने वाहणारी वीज होती, तिथे लाकडी फळीवर बल्ब बसवून त्यांच्यामार्फत बॅटरीला वीज देत. ११० व्होल्टच्या जुन्या कार्बन बल्बमधून साधारण अर्धा ॲम्पिअर जाई. दोन बल्ब लावले की एक ॲम्पिअर, चार लावले की दोन. किती ॲम्पिअरचा चार्जर हवा, हा आजचा प्रश्न तेव्हा किती बल्ब पेटवायचे असा होता. मला ही पद्धत आवडते, कारण तिच्यात करंट डोळ्यांना दिसत असे.

दिशा सारखी बदलणारी एसी वीज पसरली तशी तिची डीसी करणारं काहीतरी, म्हणजे रेक्टिफायर, लागलं. १९०२ मध्ये पीटर कूपर ह्युइटने पाऱ्याच्या वाफेवर चालणारा काचेचा रेक्टिफायर केला. त्यानंतर जनरल इलेक्ट्रिकचा टंगार बल्ब आला. टंगस्टन आणि आरगॉन या दोन शब्दांची मोडतोड करून त्याचं नाव तयार झालं होतं. मग सेलेनियमच्या चकत्या आल्या. त्या जळाल्या की येणारा कुजका वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. शेवटी सिलिकॉन डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे तुकडे, आले. आत एक ट्रान्सफॉर्मर, दोन-चार डायोड, वर ॲम्पिअरचा काटा, असा जड लोखंडी पेटीचा चार्जर मग कित्येक दशकं गॅरेजमध्ये राहिला.

तो चार्जर होता मोटारीसाठी, आणि मोटरसायकलच्या बऱ्याच बॅटऱ्यांचं मरण त्यातून ओढवलं. ॲसिडच्या बॅटरीचा जुना नियम असा की करंट क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतका द्यावा. मोटारीची बॅटरी ६० ॲम्पिअर-अवरची (म्हणजे ढोबळमानाने ६ ॲम्पिअर १० तास पुरवणारी) असेल तर ६ ॲम्पिअर ठीक. मोटरसायकलची बॅटरी मात्र साधारण ३ पासून फार तर ३० ॲम्पिअर-अवरची. ९ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला ०.९ ॲम्पिअर पुरे, तिला ६ ॲम्पिअर दिले तर ती तापते, ॲसिड उकळल्यासारखं फसफसतं, प्लेटा वाकतात आणि त्यांच्यावरचा लेप गळून तळाशी साचतो. भरीस भर म्हणजे असा साधा चार्जर आपणहून थांबत नाही. बॅटरी भरत आली की करंट कमी होतो, पण बंद होत नाही. मग पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघत राहतात. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो. बूच उघडून, मोकळ्या हवेत, ठिणगीपासून लांब ही जुन्या मेकॅनिकांची ताकीद त्यामुळेच आहे.

६ आणि १२ व्होल्टचं बटण हे दिव्यांचं आणि सेल्फचं देणं. बऱ्याच काळपर्यंत मोटरसायकली ६ व्होल्टवर चालल्या, कारण बॅटरीचं काम दिवे आणि हॉर्न एवढंच होतं. सेल्फ हवा झाला तेव्हा तेवढीच ताकद ६ व्होल्टमधून काढायची तर करंट दुप्पट आणि तारा जाड लागणार. हार्ले-डेव्हिडसनने १९६५ च्या इलेक्ट्रा ग्लाइडमध्ये सेल्फ आणि १२ व्होल्ट एकदमच आणले. जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी ६ व्होल्टची सोय आजही लागते. काही चार्जर व्होल्टेज स्वतः ओळखतात, पण त्यात एक गोम आहे. पार उतरलेली १२ व्होल्टची बॅटरी ६-७ व्होल्ट दाखवते, आणि चार्जर तिला ६ व्होल्टची समजून बसू शकतो. म्हणून हाताने दाबायचं बटण असलेला चार्जर मला जास्त भरवशाचा वाटतो.

किक होती तोवर बॅटरीकडे झालेलं दुर्लक्ष खपून जायचं. बॅटरी बसली तरी अनेक गाड्या दोन-चार किकमध्ये सुरू व्हायच्या. पुढे विजेवर चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं (बीएमडब्ल्यूच्या १९८३ च्या के१०० मध्ये ते होतं), किक हळूहळू गायब झाली, आणि गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) थोडी थोडी वीज पिऊ लागले. नुसते १० मिलिॲम्पिअर धरले तरी दिवसाला ०.२४ आणि ३० दिवसांत ७.२ ॲम्पिअर-अवर जातात. ९ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीत मग उरतं काय? शिवाय उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होतात, आणि ते पुन्हा विरघळवणं अवघड जातं.

यातून महिनोन्महिने लावून ठेवायच्या चार्जरची गरज तयार झाली. आधी आला ट्रिकल चार्जर, म्हणजे बारीक करंट, पण अखंड. बारीक असला तरी तो थांबत नाही, त्यामुळे काही महिन्यांत पाणी आटतं. आज ज्याला मेंटेनर किंवा फ्लोट म्हणतात तो वेगळा असतो. तो १४.४ व्होल्टच्या आसपास भरून झाल्यावर व्होल्टेज साधारण १३.५ वर आणून धरतो आणि बॅटरी मागेल तेवढंच देतो. खोक्यावर दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी छापलेले दिसतात. ही ढिलाई गिऱ्हाइकाला महागात पडते.

दरम्यान खुद्द बॅटरीही बंदिस्त झाली. १९५७ च्या सुमारास जर्मनीच्या सोनेनशाइन कंपनीत ओटो याखे याने ॲसिड घट्ट करून जेल बॅटरी केली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या गेट्स कंपनीत काचेच्या तंतूंच्या गादीत ॲसिड शोषून ठेवणारी, म्हणजे आजच्या भाषेत एजीएम बॅटरी तयार झाली. यांच्यात निघालेल्या ऑक्सिजनचं आतल्या आतच पुन्हा पाणी होतं, पण जास्त चार्ज केलं तर दाबाने व्हॉल्व्ह उघडतो आणि गेलेलं पाणी परत घालता येत नाही. ॲसिडच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतून चूक झाकता यायची, इथे ती सोय गेली. जेल एजीएमपेक्षाही नाजूक असते. तिला व्होल्टेज थोडं कमीच द्यावं लागतं, नाहीतर जेलमध्ये पडलेले बुडबुडे तसेच राहतात.

१९९० च्या दशकापासून चार्जरमध्ये मायक्रोप्रोसेसर येऊ लागले आणि हे टप्पे आपोआप बदलणं स्वस्त झालं. पण शहाण्या चार्जरचा एक हट्ट असतो. बॅटरी अगदीच रिकामी असली की तो ती जोडलेली आहे हे मानतच नाही. ठिणगी उडू नये आणि उलटं जोडलं तर काही जळू नये म्हणून ही काळजी घेतलेली असते. पण एका लांबच्या पावसाळ्यानंतर माझी बॅटरी या काळजीपायी तासभर तशीच पडून होती आणि मी दोष प्लगला देत होतो.

सगळ्यात अलीकडचं बटण लिथियमचं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम आयर्न फॉस्फेटवर काम केलं, आणि मोटरसायकलीतली हलकी बॅटरी बहुधा याच जातीची असते. चार सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट. भरताना १४.६ च्या वर जायचं नाही, आणि शून्य अंशाखालच्या थंडीत तर भरायचंच नाही. मल्टिमीटरवर १२.८ दिसलं तर शिशाची बॅटरी भरलेली समजावी, लिथियमची मात्र त्याच आकड्याला बरीचशी रिकामी असते. आणि शिशाच्या कडक सल्फेटवर इलाज म्हणून काही चार्जर १५-१६ व्होल्टचे धक्के देतात. लिथियमच्या बॅटरीत सल्फेट नसतंच, ते धक्के थेट तिच्या सेलना किंवा आतल्या संरक्षक सर्किटला बसतात.