ढगात शिरण्याआधी: खासगी वैमानिकांसाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंगची माहिती

जून-जुलैत कॅलिफोर्नियाच्या बे एरियात उडणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलं आहे. सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर लख्ख ऊन, आणि किनाऱ्यावरचे मॉन्टेरे, वॉट्सनव्हिल, हाफ मून बे मात्र उशिरापर्यंत ढगाखाली. नाश्त्याचा बेत रद्द! मरीन लेअरचा, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या गार, दमट हवेतल्या ढगाचा तो थर बहुतेकदा हजार-दीड हजार फूटच जाड असतो, वर निळंशार आभाळ. पण नुसत्या प्रायव्हेट पायलटच्या परवान्यावर त्यातून खाली उतरता येत नाही. त्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं, म्हणजे बाहेर न पाहता फक्त यंत्रांवर उडण्याची जादा पात्रता.

आमच्या फ्लाइंग स्कूलकडे चौकशीला येणारे बरेच जण मराठीतच बोलायला लागतात, म्हणून हे पत्रक मराठीत. रेडिओ आणि परीक्षा अर्थात इंग्रजीत.

ढगात नेमकं काय होतं

वळण सुरू झालं की कानाच्या आतल्या नलिकांना ते कळतं. तेच वळण एकसारखं चालू राहिलं, की दहा-वीस सेकंदांत त्यांना सगळं सरळ वाटू लागतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या २० जणांना ढगासारख्या परिस्थितीत विमान चालवायला दिलं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

पहिल्या-दुसऱ्या धड्यातच आम्ही याची चव देतो. तुम्ही फॉगल्स (बाहेरचं झाकून फक्त यंत्रं दिसू देणारा चष्मा) लावलेले, विमान डावीकडे हलक्या वळणात. आम्ही पेन्सिल खाली टाकतो आणि म्हणतो, ‘जरा उचलता का?’ मान वर येते तोवर पोटात गोळा आलेला असतो. विमान कलंडतंय असं वाटतं आणि हात आपसूक योक (विमानाचं सुकाणू) फिरवू लागतो. विमानाचा कल दाखवणारा अॅटिट्यूड इंडिकेटर पाहावा तर तो जागच्या जागी, वीस अंश डावीकडे. आपलं अंग खोटं बोलतंय आणि काचेमागचं यंत्र खरं, हे पटायला वेळ लागतो. पुढचे सगळे धडे त्यावरच उभे आहेत.

तासांचा हिशेब

आम्ही एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) पार्ट ६१ या नियमांनुसार शिकवतो. पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे दूरच्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणांचे, ५० तास लागतात, आणि प्रत्यक्ष (ढगात) किंवा कृत्रिम (फॉगल्स लावून) इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचे ४० तास. त्यांतले किमान १५ इन्स्ट्रुमेंट शिकवण्याचा अधिकार असलेल्या प्रशिक्षकाबरोबर. शिवाय २५० नॉटिकल मैलांची एक लांब फेरी, तीन वेगवेगळ्या प्रकारच्या अप्रोचसह (यंत्रांवर धावपट्टीकडे उतरत येण्याच्या ठरलेल्या पद्धती). लेखी परीक्षेत ६० प्रश्न, पास व्हायला ७० टक्के. तो निकाल २४ महिने चालतो.

क्रॉस-कंट्रीत एक खाच आहे. निघालेल्या विमानतळापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपलीकडे उतरावं लागतं. रीड-हिलव्ह्यूहून मॉन्टेरे साधारण ४५ मैल! तिथे कितीही वेळा जेवून आलात तरी या ५० तासांत ते धरलं जात नाही. पासो रोबल्सला जा. लॉगबुक आधी आम्हाला दाखवा, मग फी भरा.

अॅडव्हान्स्ड श्रेणीच्या मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे २० तासांपर्यंत धरले जातात. होल्डिंग, म्हणजे ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणं, शिकायला सिम्युलेटर विमानापेक्षा चांगला, कारण तो मध्येच थांबवता येतो. काही तास मित्राला सेफ्टी पायलट (तुम्ही फॉगल्स लावलेले असताना बाहेर लक्ष ठेवणारा) म्हणून बसवूनही भरता येतात. मित्राकडे किमान प्रायव्हेट परवाना, त्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग आणि वैद्यकीय पात्रता हवी. पैसे वाचतात, पण सुरुवातीला नको. चुकीच्या सवयी मोडायला नंतर जास्त तास जातात.

चाळीस हा किमान आकडा आहे. आठवड्यातून दोनदा येणारे त्याच्या आसपास संपवतात. पंधरवड्यातून एकदा येणाऱ्यांचा अर्धा धडा मागचं आठवण्यातच जातो. तेवढी सवड नसेल तर थोडं थांबून सुरू करा, आम्हाला वाईट वाटणार नाही.

खरा ढग

फॉगल्सच्या कडेतून थोडं बाहेरचं दिसतंच. ढगात काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येकाला आम्ही किमान दोन सकाळी खऱ्या ढगात नेतो. उन्हाळ्यातला किनाऱ्यावरचा थर त्यासाठी उत्तम: पातळ, शांत, आणि तापमान शून्याच्या बरंच वर असल्याने बर्फाची भीती नाही.

आयएलएसवर (धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) ९० नॉट वेगाने, तीन अंशांच्या उतारावर, मिनिटाला पावणेपाचशे फुटांच्या आसपास उतरायचं. डिसिजन अल्टिट्यूडला, म्हणजे निर्णयाच्या ठरलेल्या उंचीला, धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर पुढे, नाहीतर लगेच मिस्ड अप्रोच, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. ‘आता दिसेलच’ म्हणत दोन सेकंद थांबणं ही जवळजवळ प्रत्येकाची खोड. ती गेल्याशिवाय आम्ही चेकराइडला (परीक्षकाबरोबरची उड्डाणाची परीक्षा) पाठवत नाही.

रेटिंगने काय मिळत नाही

हिवाळ्यात सिएरा पर्वतरांगेकडच्या ढगात पंखांवर बर्फ धरतो. आमच्या सेस्ना १७२ ना त्यात उडायची परवानगी नाही, तुमचं रेटिंग कितीही ताजं असलं तरी. वादळी ढगांचंही तेच.

आणि ताजेपणा टिकवावा लागतो: मागच्या सहा महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग, आणि कोर्स पकडून त्यावर चालणं. मुदत उलटली तर पुढच्या सहा महिन्यांत सेफ्टी पायलटबरोबर भरून काढता येतं. तेही गेलं तर प्रशिक्षकाकडून किंवा परीक्षकाकडून प्रोफिशियन्सी चेक.

पहिल्या भेटीला लॉगबुक, परवाना, वैद्यकीय कागद आणि स्वतःचा हेडसेट आणा. पेन्सिल आमच्याकडे आहे.