डाव्या हाताची नाडी लागेना तेव्हा

बडोद्यात दांडिया बाजारला राहणारी आमची वहिनी, मावसभावाची बायको, वय २८. कपडे वाळत घालायला हात वर केला की डावा हात भरून यायचा, अर्धी बादली तशीच राहायची. बीपीचं मशीन उजव्या हाताला नीट आकडा द्यायचं आणि डाव्याला नुसतं एरर, सगळ्यांना वाटलं मशीनच खराब झालं. शेवटी एका डॉक्टरांनी दोन्ही मनगटं एकदम धरून पाहिली, तर डावीकडे नाडी लागतच नव्हती. ताकायासु आर्टेरायटिस, म्हणजे महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतींना आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे येणारी सूज.

मिकितो ताकायासु हे जपानचे डोळ्यांचे डॉक्टर, १९०८ साली त्यांनी एका तरुण बाईच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र गुंतलेल्या रक्तवाहिन्यांबद्दल सांगितलं, तेव्हा त्याच सभेत आणखी दोघं म्हणाले की आमच्याही अशा पेशंटची मनगटात नाडी लागत नाही. हा आजार बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो, आपल्या आशियात जास्त.

मला सगळ्यात नवल वाटलं ते ह्याचं, की महाधमनीत आतून एवढं रक्त वाहत असतं पण हल्ला होतो बाहेरून. मोठ्या धमनीची भिंत जाड असते, तिला पोसायला बाहेरच्या थरात स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी त्याच वाटेनं आत शिरतात, वाड्याच्या मागच्या दारानं शिरावं तशा. त्या थरात डेंड्रिटिक पेशी पहारा देत असतात. एरवी त्या शांत, पण इथे त्या टी पेशींना, म्हणजे हल्ला चालवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, हाक मारतात. टी पेशी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींना चेतवतात, आणि मग मॅक्रोफेज दोन उद्योग करतात: त्यांची एन्झाइम्स भिंतीचे लवचिक धागे विरघळवतात, आणि त्यांनी सोडलेल्या वाढीच्या संदेशांमुळे स्नायूपेशी आतल्या अस्तरात येऊन वाढत राहतात, अस्तर जाड होतं, वाट अरुंद. म्हणजे वहिनीची नाडी गेली ती रक्ताच्या गुठळीनं नाही, भिंतच आत फुगत आली म्हणून.

स्टेरॉइडनं हे शांत होतं, पण डोस कमी करताना पुष्कळदा परत उसळतं. म्हणून सूज वाढवणाऱ्या आयएल-६ ह्या संदेशाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची तो संदेश घेणारी जागा, अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध, जपाननं २०१७ मध्ये ह्याच आजारासाठी मंजूर केलं. आणि ईएसआर, सीआरपी ह्या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल आल्या तरी भिंतीत आग चालू असू शकते, म्हणून स्कॅन करत राहावे लागतात, हे घरच्यांना पटवणं फार अवघड जातं.

वहिनीच्या फायलीवर डॉक्टरांनी लाल पेनानं लिहिलंय, बीपी फक्त उजव्या हाताला. डाव्याचा आकडा खोटा, कमी येतो.