लेकराचं एचआयव्हीचं औषध: एआरटी केंद्रात नोंदणी कशी करायची, कागद कोणते लागतात

सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या केंद्रात, मुलांना औषध फुकट मिळतं. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, रेशनकार्डाचा रंगही कुणी विचारत नाही. अट एकच, तपासणीत एचआयव्ही निश्चित झालेला हवा. सीडी-४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींची संख्या) खाली येईपर्यंत थांबायची जुनी पद्धत २०१७ मध्येच बंद झाली. मराठवाड्यात संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरची सरकारी मेडिकल कॉलेजं, या ठिकाणी अशी केंद्रं आहेत.

आई बाधित असेल तर बाळाचं काम प्रसूतीच्या वॉर्डातच सुरू होतं. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी नेव्हिरापीनचं सिरप जन्मल्याबरोबर, साधारण सहा आठवडे. जोखीम जास्त असेल तर डॉक्टर औषध आणि मुदत वाढवतात. सहाव्या आठवड्यात आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) टाचेतून रक्ताचे थेंब कागदी कार्डावर घेतात. साधी तपासणी इतक्या लहानपणी चालत नाही, कारण ती प्रतिपिंडं (शरीर विषाणूविरुद्ध बनवतं ते घटक) शोधते आणि आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात. पहिला अहवाल निगेटिव्ह आला म्हणून पुढच्या तारखा चुकवू नका. निगेटिव्हचा पक्का निकाल अठरा महिन्यांनंतरच लागतो.

नोंदणीला जाताना आयसीटीसीचा अहवाल, बाळाचा जन्मदाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड, पालकाचं आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि आई उपचारावर असेल तर तिची हिरवी पुस्तिका (एआरटी केंद्राची उपचाराच्या नोंदींची) घ्या. एखादा कागद कमी पडला तरी जा, तो मागाहून देता येतो. मूल अठराच्या आतलं असल्यानं संमतीची सही पालकाची. आई-वडील नसतील तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं बारा वर्षांवरचं समजूतदार थोरलं भावंडही उपचारासाठी पालक ठरू शकतं. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि मूल सोबत हवंच. आजोबांना एकटं पाठवून चालत नाही, कारण मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. पूर्वी लहानग्यांना कडू सिरप द्यावं लागे, ते थंड ठेवावं लागे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, त्यात लोडशेडिंग, काय हाल होत असतील ते सांगायला नको. आता डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची स्ट्रॉबेरीच्या चवीची, दहा मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी निघाली आहे. अमेरिकेत तिच्या मूळ औषधाला जून २०२० मध्ये मान्यता मिळाली आणि मुंबईची मॅक्लिऑड्स ती बनवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा ते दहा किलोच्या बाळाला दीड गोळी, दहा ते चौदा किलोला दोन. वजन तक्त्यातल्या पुढच्या टप्प्यात गेलं की डोस बदलतो, म्हणून दर भेटीत वजन. गोळी थोड्या स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवायची, अर्ध्या तासाच्या आत पाजायची, वाटीत राहिलेलं पुन्हा पाण्यानं धुवून पाजायचं. लोहाचं सिरप चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

निदान गावात फुटेल ही भीती सगळ्यात मोठी. कायद्यानं संमतीशिवाय ते कुणाला सांगता येत नाही, शाळाही प्रवेश नाकारू शकत नाही. शंका असेल तर १०९७ वर फोन करा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दसऱ्याआधीच केंद्रात जाऊन सांगावं. औषध जास्त दिवसांचं मिळू शकतं, नाहीतर कारखान्याजवळच्या केंद्रासाठी बदलीचं पत्र मिळतं. कारखान्याचा तालुका कुठला ते आधी विचारून जा, मुकादमाला कारण सांगायची काही गरज नाही.